लॅपटॉप उघडा आहे तोवर

बाय, तू एका दमात दोन गोष्टी विचारल्यास. त्या फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारख्या नाहीत, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. तुझी नोकरी महिनाअखेर सुटते आहे. कंपनीचा लॅपटॉप पुण्याला परत पाठवायचा आहे, त्यात तुझं घरचं बरंच काही साठलंय आणि पेन ड्राइव्ह लावला की तो परवानगी नाही म्हणून सांगतो. इकडे आप्पांचा लॅपटॉप दुकानातून दुरुस्त होऊन आला, तर सुरू होताना निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी किल्ली मागतो. दोन्हीकडे फाइली आत आणि तू बाहेर, म्हणून तुला दोन्ही प्रश्न एकच वाटतात. ते एक नाहीत गो. आप्पांचं मशीन त्यांचं आहे, फक्त किल्ली सापडत नाही. ऑफिसचं मशीन उघडतं, पण ते तुझं नाही. पहिल्यात शोधायचं, दुसऱ्यात मागायचं. कुलूप फोडायच्या नादाला दोन्हीकडे लागायचं नाही.

आधी आप्पांचं बघू. त्यांनी कधी कुठलं कुलूप लावलं नव्हतं, हे तुझं म्हणणं खरंच असणार. हल्ली ते आपोआप लागतं. नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं घातलं की बऱ्याच मशीनमध्ये सगळी डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट होते. २०२४ च्या शेवटी विंडोज ११ ची जी आवृत्ती आली, तिच्यापासून तर हे आणखी कितीतरी मशीनवर होऊ लागलं. रोज आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही, कारण मदरबोर्डवरची टीपीएम नावाची चिप मशीन सुरू होताना सगळं ओळखीचं आहे ना ते तपासते आणि स्वतःच किल्ली पुढे करते. ही सोय चांगली आहे. लॅपटॉप एसटीत विसरला, चोरीला गेला, तरी डिस्क काढून कुणाला आतले फोटो आणि बँकेचे कागद बघता येत नाहीत.

पण मांडवीत राहणाऱ्या माणसाने त्या एका चिपच्या भरवशावर राहू नये, हे मी तुला निक्षून सांगते. समुद्र आपल्या दारात आहे. जी खारी हवा खिडक्यांचे गज खाते, तीच लॅपटॉपच्या पंख्यातून आत जाते आणि बोर्डावर हिरवट गंज धरते. त्यात मे-जूनमधल्या विजा, जाणारी-येणारी लाईट. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. तेव्हा किनाऱ्यावरच्या किती घरांतली वीज गेली ते तू पाहिलंसच. अशात बोर्ड उडाला आणि दुकानदाराने बदलून दिला, की चिपही बदलली. नव्या चिपला आप्पांच्या डिस्कची ओळख नाही. मग डिस्क किल्ली मागते. ती बिघडलेली नाही, तिचं काम ती चोख करते आहे.

म्हणून पहिल्यांदा दुरुस्तीवाल्याकडे जा आणि भांडण न करता एकच विचार: बोर्ड बदललात, की नुसतं बायोस अपडेट किंवा रीसेट केलंत? बायोसच रीसेट झालं असेल, तर कदाचित टीपीएम किंवा सिक्युअर बूट बंद पडलं असेल. ते होतं तसं चालू केलं की पुष्कळदा मशीन किल्ली न मागता सुरू होतं. बोर्ड बदलला असेल तर मात्र किल्लीच लागणार. जुना बोर्ड त्यांच्याकडे अजून असेल तर तो मागून घे, भंगारात जाऊ देऊ नकोस. तो थोडा वेळ जरी चालला तरी त्याच्यावर डिस्क उघडेल.

आता किल्ली कुठे असेल? ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन पहिल्यांदा सुरू केलं, त्या खात्यात ती जाऊन बसलेली असते. आपल्याकडे गोम इथेच आहे. आप्पांसारखी माणसं लॅपटॉप घेतात तेव्हा दुकानातला मुलगा म्हणतो, "काका, मीच करून देतो", आणि स्वतःच्या किंवा त्या क्षणी बनवलेल्या मेल आयडीने सुरू करून देतो. नाहीतर मुंबईहून गणपतीला आलेला भाचा आपल्या आयडीने करतो. तेव्हा आप्पांचा मेल तपासून थांबू नकोस. बिल काढ, कुठल्या दुकानातून घेतला ते बघ, भाच्याला विचार. आप्पांचा मोबाइल नंबर मायक्रोसॉफ्टच्या साइन-इन पानावर घालून बघ, विसरलेलं खातं त्या नंबरवरूनही सापडतं. निळ्या स्क्रीनवर किल्लीचा एक ओळख क्रमांक दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं कागदावर लिहून घे. खात्यात शिरल्यावर डिव्हायसेसमध्ये रिकव्हरी की दिसतील. एकापेक्षा जास्त असतील तर ज्या किल्लीपुढे तीच आठ अक्षरं आहेत ती आपली. शिवाय जुने पेन ड्राइव्ह, छापलेले कागद, खरेदीच्या पिशवीतली पाकिटं हेही चाळ. काही जण ती छापून ठेवतात आणि विसरतात.

किल्ली मिळाली की एक बारीक गोष्ट उपयोगी पडेल. हे ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो. कुणी फोनवर आकडे सांगितले आणि तू हाताने उतरवलेस, तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर प्रत्येक गट भागून बघ. बाकी उरली की तो गट चुकला.

आणि नाहीच मिळाली तर? तर बाय, मी तुला खोटा दिलासा देणार नाही. या कुलपाच्या शक्य किल्ल्यांची संख्या लिहायची झाली तर ३९ आकडी होते. जगातले सगळे संगणक कामाला लावले तरी एकेक करून तपासणं कुणाच्या आवाक्यातलं नाही. "आमच्याकडे सॉफ्टवेअर आहे, दहा हजारात काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस. "फॉरमॅट मारून देतो" म्हणणारा खोटं बोलत नाही, पण त्याने मशीन परत मिळेल, आप्पांच्या फाइली कायमच्या जातील. मशीन लगेच हवंच असेल तर डिस्क बाहेर काढून घे, नवी बसव, आणि जुनी डिस्क पाकिटात घालून त्यावर तारीख आणि ती आठ अक्षरं लिहून ठेव. किल्ली वर्षाने सापडली तरी ती डिस्क दुसऱ्या विंडोज मशीनला लावून उघडेल. तेवढ्यासाठी आधी एक बघ: काही पातळ लॅपटॉपमध्ये डिस्क बोर्डालाच चिकटलेली असते, ती निघत नाही. तसं असेल तर मशीन जसंच्या तसं बाजूला ठेव. आणि कुणी फोन करून "आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, किल्ली सांगा, एनीडेस्क घ्या" म्हणालं तर फोन ठेव. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार कर.

यात तुम्हीच अडाणी ठरलात असं मनात आणू नकोस. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभर विंडोज मशीन बंद पडली. मायक्रोसॉफ्टने अशा मशीनचा आकडा सुमारे ८५ लाख सांगितला. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय म्हटला तर एक फाइल काढून टाकण्याइतका सोपा होता, पण एन्क्रिप्ट केलेल्या मशीनमध्ये शिरायला आधी हेच ४८ आकडे लागत होते. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं एकेका मशीनपुढे बसून ते टाईप करत होती, आणि काही ठिकाणी किल्ल्यांची यादीच बंद पडलेल्या सर्व्हरवर होती. किल्ली मशीनच्या बाहेर असावी लागते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आपल्याला आधीच कळलेलं बरं.

आप्पांचं मशीन उघडलं, की त्याच बैठकीत नक्कल काढ. आधी झोप काढू, मग बघू, असं नको. आणि नक्कल काढताना तीन गोष्टींकडे लक्ष दे. एक म्हणजे वनड्राइव्ह. डेस्कटॉपवर फाइलीचं नाव दिसतं, पण त्यापुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल त्या डिस्कवर नाहीच, इंटरनेटवर आहे. ती आधी उतरवून घ्यावी लागते. फुकट खात्यात पाचच जीबी जागा असते, म्हणून काही वर गेलेलं, काही खालीच राहिलेलं, असा गोंधळ असतो. दुसरं, लग्नाचा व्हिडिओ कॉपी होताना पेन ड्राइव्हवर जागा असूनही "फाइल फार मोठी" असं येईल. जुन्या फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. रिकामा पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घे. बघ हं, फॉरमॅट पेन ड्राइव्हच करायचा, डोळ्यांत तेल घालून ड्राइव्हचं अक्षर वाच.

तिसरं मराठीपणामुळे येतं आणि पुण्या-मुंबईचे डेटा रिकव्हरीवाले ते हमखास विसरतात. आप्पांनी बागेचे हिशेब, पेट्यांच्या नोंदी, घराण्याची वंशावळ हे सगळं जुन्या श्रीलिपी नाहीतर शिवाजी फॉन्टमध्ये टाईप केलेलं असणार. युनिकोडच्या आधी आपल्याकडे सगळे असेच टाईप करत. फाइल सुखरूप नव्या लॅपटॉपवर आली तरी तो फॉन्ट तिथे नसेल, तर वंशावळीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसेल आणि तुम्हाला वाटेल फाइल खराब झाली. ती खराब झालेली नसते. जुन्या मशीनवरच त्या फाइली उघडून पीडीएफ करून ठेव, म्हणजे वाचता तरी येतील. युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं काम नंतर निवांत करता येतं. कोकणातल्या कितीतरी घरांचे जमिनीचे, वाटण्यांचे तपशील अशा फाइलींत आहेत आणि एकेक करून मुके होत चाललेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेवटी दोन्हीकडच्या फोल्डरवर प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि आकार जुळतो का बघ, आणि चार-पाच फाइली उघडून बघ. आणि एक ध्यानात ठेव: कुलपातून बाहेर आलेली नक्कल साध्या पेन ड्राइव्हवर उघडीच असते. आधार, बँक, दवाखान्याचे रिपोर्ट असं काही असेल तर ते सेव्हन-झिपने पासवर्ड लावून ठेव.

एक नक्कल घराबाहेर असू दे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानात ठेवलेलं मशीन आणि त्याच दुकानात ठेवलेला बॅकअप दोन्ही एकत्रच बुडत होते. गणपतीला भाऊ येतो तेव्हा एक हार्ड डिस्क त्याच्याबरोबर मुंबईला पाठव, पुढच्या गणपतीला ती परत आणून नवी नक्कल दे.

आता तुझ्या ऑफिसच्या लॅपटॉपचं. इथे मी थोडं कडक बोलणार आहे.

कुणीतरी तुला सांगेल, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू कर. कुणी म्हणेल, फाइलीचं नाव बदलून जीमेलवर पाठव, व्हॉट्सॲप वेबवर टाक. यातलं काही करू नकोस. लिनक्सने तुला एन्क्रिप्ट केलेली डिस्क दिसेलच असं नाही, पण तू प्रयत्न केलास याची नोंद राहू शकते. नोकरी सोडणाऱ्या माणसाच्या शेवटच्या आठवड्यांत काय बाहेर गेलं, हे बऱ्याच कंपन्या मुद्दाम तपासतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातला डेटा उतरवून घेणं हेच बेकायदा ठरवलं आहे, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. भाचीच्या बारशाच्या फोटोंसाठी रिलीव्हिंग लेटर अडकवून घेण्यात काय अर्थ आहे?

तुझा एक युक्तिवाद मला ठाऊक आहे: "ती प्रेझेंटेशनं मीच रात्र रात्र जागून केली." केलीस गो, पण नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून जे केलं, त्याचा पहिला मालक कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे सहसा कंपनीच असते, वेगळा करार नसेल तर. ते सोड. तुझं कसब तुझ्याबरोबर येतंच आहे. पोर्टफोलिओसाठी एखादा नमुना हवाच असेल तर तो साहेबांकडे लेखी मागून घे.

उरलं ते तुझं स्वतःचं. त्यातलं बरंचसं त्या लॅपटॉपमधून काढायची गरजच नाही, मूळ ठिकाणाहून नवं मिळतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, लायसन्स डिजिलॉकरमध्ये. सातबारा महसूल खात्याच्या साइटवरून डिजिटल सहीचा, १५ रुपयांत. पीएफचं पासबुक यूएएनने. टॅक्स कापल्याचा हिशेब आयकर पोर्टलवर. पगाराच्या स्लिपा आणि नेमणूकपत्र मात्र एचआरच्या पोर्टलवर असतात आणि ते पोर्टल शेवटच्या दिवसानंतर बंद होतं, म्हणून त्या लगेच मागून घे. फॉर्म १६ तर आर्थिक वर्ष संपल्यावर येणार, तेव्हा एचआरला तुझा स्वतःचा मेल लिहून दे.

आणि फाइलींपेक्षाही मोठी गोष्ट ही: कुठे कुठे तुझा ऑफिसचा मेल नोंदवलेला आहे? बँक, आयकर, पीएफ, विमा, म्युच्युअल फंड, विजेचं बिल. नोकरी संपली की तो मेल बंद होईल आणि पासवर्ड बदलायला येणारा ओटीपी अशा पत्त्यावर जाईल जो तुझा राहिलेला नाही. यातली बरीचशी फाइल गेली तरी पुन्हा मिळते, खातं परत मिळवायला मात्र किती चकरा माराव्या लागतील सांगता येत नाही. हे आधी बदल. त्या लॅपटॉपच्या क्रोममध्ये तुझं स्वतःचं गुगल खातं चालू असेल तर त्यात साठलेले पासवर्ड आपल्या खात्यात आहेत याची खात्री करून मग साइन आउट कर. व्हॉट्सॲप वेबमधूनही बाहेर पड.

मग उरतात फोटो, दवाखान्याचे रिपोर्ट, कविता, असं काही. त्यांच्यासाठी साहेब आणि आयटी दोघांना एकाच मेलमध्ये लिही. फोल्डरचं नाव, आत काय आहे, एकूण किती जीबी, त्यात कंपनीचं किंवा ग्राहकाचं काही नाही, आणि ते कसं नेऊ ते तुम्हीच सांगा, एवढंच. भीत भीत माफी मागत लिहू नकोस, रोज असे मेल त्यांना येतात. काही ठिकाणी आयटीवाले थोड्या वेळासाठी यूएसबी उघडून देतात, काही ठिकाणी स्वतः तपासून पाठवतात. नाहीच म्हणाले तर त्यांचा नकार लेखी असू दे आणि फोटोंसाठी घरच्यांच्या फोनमध्ये शोध. शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस. खातं बंद झालं आणि मशीन लांबून पुसलं गेलं, की तिथल्या कुणाच्या मनात असलं तरी मदत करता येत नाही. तुझं घरचं काढून झालं की ते फोल्डर तेवढे डिलीट कर, पण "सगळं साफ करून देते" म्हणून मशीन रीसेट मात्र करू नकोस. आतलं काम कंपनीचं आहे.

पुढच्या नोकरीत पहिल्या दिवसापासून स्वतःचं काही त्या मशीनवर ठेवू नकोस. ऑफिसचा लॅपटॉप उघडून बघायचा हक्क ऑफिसला असतो, आणि बाईमाणसाचे दवाखान्याचे कागद, नवऱ्याशी झालेले मेसेज, बहिणीने सांगितलेली दुखणी ही परक्या माणसाने वाचायची गोष्ट नाही.

आणखी एक, हे फक्त तुलाच सांगते असं समज. आपल्या घरांतून मेलचे पासवर्ड, बँकेची ॲप, लॅपटॉपची किल्ली हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असतं, आणि तो माणूस बहुतेक वेळा घरातला पुरुष असतो. तो आजारी पडला, गेला, तर बायकोला स्वतःच्या मुलांचे फोटोही दिसत नाहीत. गेलेल्या माणसाचं खातं मायक्रोसॉफ्ट कोर्टाच्या आदेशाशिवाय सहसा उघडून देत नाही. गुगलमध्ये मात्र जिवंतपणीच ठरवून ठेवता येतं की इतके महिने खातं वापरलं नाही तर अमक्याला कळवा आणि हे हे द्या. ॲपलनेही २०२१ पासून वारस नेमायची सोय केली आहे. तुझं कर, आणि तुझ्या नवऱ्याला करायला लाव. यात संशय कुणी धरू नये, विम्याला वारस लावतो तेव्हा कुठे कुणी धरतो?

तुझा स्वतःचा लॅपटॉप आज चालतोय, म्हणून तोही तपास. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघ. चालू असेल तर राहू दे, बंद करू नकोस. किल्लीचे ४८ आकडे मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर उतरव, आठही गट ११ ने भागून बघ, वर मशीनचं नाव आणि ती पहिली आठ अक्षरं लिही. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायचा नाही आणि त्याचा फोटो त्याच लॅपटॉपमध्ये तर मुळीच नाही. कपाटात जिथे एलआयसीची पॉलिसी आणि घराची कागदपत्रं आहेत, तिथे प्लास्टिकच्या पाकिटात ठेव, आणि तो कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांग.

उद्या सकाळी दुरुस्तीवाल्याकडे जा, संध्याकाळी एचआरला मेल टाक. आप्पांच्या किल्लीची आठ अक्षरं मिळाली की मला कळव, खातं शोधायला मी बसते तुझ्याबरोबर.